दप्तराबाहेरचे गद्य : जाहीरनाम्याची मराठी आणि आपला वाङ्मयेतिहास

१

मराठी गद्याच्या इतिहासाची जी मांडणी आपण पदव्युत्तर वर्गांतून वर्षानुवर्षे करीत आलो आहोत, तिच्यात १८१८ या वर्षाशी एक चमत्कारिक गोष्ट घडते. त्या वर्षापूर्वीचे सरकारी कागद, म्हणजे आज्ञापत्रे, ताकीदपत्रे, अभयपत्रे, निवाडपत्रे, ‘ऐतिहासिक पत्रव्यवहार’ या नावाखाली गद्यवाङ्मयात सन्मानाने समाविष्ट होतात. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि पुढे गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात संपादिले. या कागदांतील भाषेचा रोखठोकपणा, वाक्यांची लय, म्हणींचा वापर यांवर आपल्या समीक्षकांनी मनःपूर्वक लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु पेशवाई संपली की तशाच कचेऱ्यांतून, पुष्कळदा त्याच कारकुनांच्या हातून निघणारे कागद वाङ्मयेतिहासाच्या लेखी रद्दी ठरतात. यापुढील गद्याचा इतिहास मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१), ‘दर्पण’ने (१८३२), शालेय क्रमिक पुस्तकांनी आणि बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ने (१८५७) घडविला, असे आपण सांगतो. सरकार मात्र मराठीत बोलावयाचे थांबलेले नव्हते. किंबहुना ते पूर्वी कधी नव्हते इतके बोलू लागले होते. जाहीरनामे, हुकूम, इस्तिहार, नोटिसा, कायद्यांची भाषांतरे यांच्या रूपाने एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसाच्या कानी जे नवे गद्य सर्वप्रथम पडले, ते ‘दर्पण’चे नव्हते. ‘दर्पण’ वाचणारे मोजके होते. जाहीरनामा ऐकणे कोणालाच टाळता येत नव्हते.

हे गद्य अभ्यासाबाहेर ठेवल्याने आपल्या वाङ्मयेतिहासात जी पोकळी राहिली आहे, ती निरुपद्रवी नाही, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

२

प्रथम एक उदाहरण घेऊ. १० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी एल्फिन्स्टनने प्रसिद्ध जाहीरनामा काढला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यातील राजकीय आशय परिचित असतो. साहित्याच्या अभ्यासकाने त्याच्या रचनेकडे पाहावे. त्याचा पूर्वार्ध चक्क कथन आहे. बाजीरावाची गादी कोणी राखली, गंगाधरशास्त्र्यांचा खून कसा झाला, त्रिंबकजी डेंगळ्याला पाठीशी कसे घातले गेले, तह कसा मोडला, हे सारे क्रमाने सांगितले आहे. बखरकाराला शोभावी अशी ही कारणपरंपरा आहे. फक्त निवेदक बदलला आहे. उत्तरार्ध मात्र निराळ्या जातीचा आहे. बाजीरावाच्या चाकरीतील लोकांनी दोन महिन्यांच्या आत घरी परतावे, त्याच्याकडे कोणी वसूल भरू नये, मामल्यांची मक्तेदारी बंद होईल, वतने व इनामे चालविली जातील, धर्माचारांस धक्का लागणार नाही, सातारच्या महाराजांस लहानसे राज्य मिळेल, असे हुकूम आणि वचने त्यात आहेत. धर्माचाराविषयीच्या वचनाला एक लहानशी पुस्ती जोडलेली आहे : जेथवर ते न्याय्य व वाजवी असेल तेथवर.

न्याय्य व वाजवी कोणी ठरवावयाचे, हे या पुस्तीत सांगितलेले नाही. जुन्या सनदेत अट असे, पण ती घालणारा आणि पाळणारा दोघेही नावानिशी उभे असत. इथे ठरविणारा वाक्याबाहेर गेला आहे. ही रचना पुढील काळाची किल्ली आहे, असे मला वाटते. वतने व इनामे चालविण्याचे वचन दिल्यानंतर एका पिढीच्या आतच इनाम कमिशन बसले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने प्रत्येक इनामदाराला आपला हक्क कागदानिशी सिद्ध करणे भाग पडले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. जाहीरनामा उघडपणे कोणी रद्द केला नाही. त्याचा अर्थ कोणता, हे ठरविण्याचा अधिकार तेवढा एका बाजूने स्वतःकडे ठेवला होता. विडंबना अशी की, ज्या पेशवे दप्तरातून आपण गद्याचे उत्तम नमुने निवडतो, त्याची बरीचशी जुळवाजुळव याच इनाम चौकशीच्या गरजेतून झाली.

३

पुढील जाहीरनाम्यांतून कथन हळूहळू गळून गेले आणि केवळ हुकूम उरला. भाषिकदृष्ट्या हा फार मोठा पालट होता. पेशवेकालीन ताकीदपत्र पाहिले तर त्यात आरंभी मायना असतो, कोणाला लिहिले ते असते, तक्रार घेऊन कोण हुजूर आला व त्याने काय विदित केले हे असते, आणि मग आज्ञा येते. म्हणजे आज्ञेच्या पोटात अर्जदाराची कहाणी सामावलेली असते. त्या राज्यात न्याय होता असा याचा अर्थ नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मक्तेदारांनी रयतेचे काय केले हे सर्वश्रुत आहे. मात्र अन्याय करणाऱ्या कागदालाही समोरच्या माणसाचे नाव घ्यावे लागत असे.

नव्या नोटिशीत ‘तमाम लोकांस’ किंवा ‘सर्व संबंधितांस’ कळविण्यात येते. कळविणारा कोण? ‘कळविण्यात येते’ या कर्मणि रचनेला कर्ता लागत नाही. जमीन ‘घेण्यात येईल’, हरकत ‘विचारात घेतली जाणार नाही’, मुदत ‘संपली असे समजण्यात येईल’. समजणारा कोणी नाही. नुसतेच समजणे आहे. मराठीत असा प्रयोग पूर्वी अगदीच नव्हता असे नाही. परंतु तो प्रशासनाचा स्थायी स्वर झाला तो भाषांतराच्या वाटेने.

या भाषांतराच्या कामी सर्वाधिक महत्त्वाची व्यक्ती मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थच्या कोशकार्यातील त्यांचा वाटा, इंग्रजी-मराठी कोश, क्रमिक पुस्तकांचे संस्करण, मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय या गोष्टी प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत लिहितो. ते सरकारचे मराठी भाषांतरकार होते आणि दंडसंहितेसारख्या कायद्याच्या भाषांतरातही त्यांचा हात होता, हे मात्र आपण एका ओळीत उरकतो. ज्या लेखणीने शाळेतील मुलाला वाक्य कोठे थांबवावे हे शिकविले, तिनेच सरकारचे वाक्य कसे चालावे हेही ठरविले. शालेय गद्य आणि सरकारी गद्य ही एकाच टाकसाळीतील नाणी होत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करताना पहिलाच निबंध मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीवर लिहिला, त्यामागील अस्वस्थता या पार्श्वभूमीवर वाचली तर अधिक नीट उलगडते.

४

जाहीरनामा वाचला कसा जाई, हा प्रश्न त्याच्या भाषेइतकाच महत्त्वाचा आहे. छापील कागद तालुक्यातून गावी येई तो चावडीवर. तेथे तो वाचून दाखविणारा बहुधा कुलकर्णी. लोकांना चावडीवर बोलावून आणण्याचे काम गावच्या महाराकडे वतनी कर्तव्य म्हणून होते. अशा रीतीने सरकारचा शब्द गावात पोचविण्याची पायपीट ज्याने करावयाची, त्याला तो शब्द वाचण्याचे शिक्षण नव्हते. आणि ज्याला ते होते, त्याच्या हाती अर्थ सांगण्याची सत्ता होती. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथातील कुलकर्णी व कामगारांवरचा रोष केवळ जातीय वादाचा भाग म्हणून वाचणे अपुरे आहे. अक्षर कोणाच्या ताब्यात आहे, हा त्या ग्रंथातील मूळ प्रश्न आहे.

हाच प्रश्न १२ मे १८७५ रोजी सुपे येथे वेगळ्या रीतीने पुढे आला. पुणे व नगर जिल्ह्यांतील त्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्याकडील खतांवर व दस्तऐवजांवर होता. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण ज्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, तो कागद जाळणे हा एक प्रकारे वाचनाचाच शेवटचा मार्ग होता. सरकारनेही ते ओळखले असावे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने गावनिबंधकाची योजना केली आणि दस्त त्याच्या देखरेखीखाली लिहावा व शेतकऱ्यास मोठ्याने वाचून दाखवावा, अशी तरतूद केली. कायद्याच्या पोटात वाचनाचा प्रश्न शिरल्याचा हा स्पष्ट दाखला होय.

याच्या उलट बाजूचे उदाहरण १८९६-९७ च्या दुष्काळातील आहे. सार्वजनिक सभेने व ‘केसरी’ने नवे काही मागण्यापूर्वी एक साधे काम केले : सरकारचेच दुष्काळविषयक नियम सुबोध मराठीत करून खेड्यापाड्यांत पोचविले. सूट व तहकुबी कधी मिळते, काम कधी मागता येते, हे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कळले. सरकारी मजकुराचे अर्थविवरण एवढेच हे कृत्य. पण १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. सरकारी गद्य लोकांना समजणे हे राज्यकर्त्यांना किती गैरसोयीचे होते, याचा याहून बोलका पुरावा शोधावा लागणार नाही.

तथापि या गद्याची एक मुक्तिदायी बाजूही मान्य करावयास हवी. ‘तमाम लोक’ हा निराकार श्रोता होता, तसा तो जातिनिरपेक्षही होता. मायन्यात ज्यांना कधीच जागा नव्हती, तेही ‘तमाम’मध्ये आले. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातील नोकऱ्यांविषयीचे वचन पुढे अनेक पिढ्यांनी आपल्या अर्जांत सरकारला ऐकविले. अर्ज हा जाहीरनाम्याचा जोडीदार आकृतिबंध. एकाचा अभ्यास दुसऱ्यावाचून होणार नाही.

५

हे सारे राजगुरुनगरसारख्या ठिकाणी बसून लिहिताना अधिक तीव्रतेने जाणवते. गावाचे नाव बदलले आहे. तालुका मात्र कागदोपत्री आजही खेडच आहे. ज्यांचे नाव या गावाने घेतले त्या शिवराम हरी राजगुरूंच्या चरित्रातही एक नोटीस आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सचा वध झाला आणि पाठोपाठ तेथील भिंतींवर हिंदुस्थान समाजवादी प्रजासत्ताक सेनेची इंग्रजी हस्तलिखित पत्रके झळकली. त्यांच्या शिरोभागी ‘नोटीस’ हाच शब्द होता. सरकारचाच आकृतिबंध उचलून क्रांतिकारकांनी तो सरकारवर उलटविला होता. त्यातही दोन गोष्टी त्यांनी बदलल्या : कृत्याची जबाबदारी घेणारा कर्ता वाक्यात परत आला, आणि एका माणसाला मारावे लागल्याचा खेदही व्यक्त झाला. सरकारी नोटिशीत या दोहोंना जागा नसते.

आता याच तालुक्यातील चाकण परिसराकडे पाहावे. गेल्या काही दशकांत येथील शेतजमिनीचे औद्योगिक क्षेत्रात रूपांतर झाले ते यंत्रांच्या आधी नोटिशींनी. १८९४ चा भूसंपादन कायदा स्वतंत्र भारतात २०१३ अखेरपर्यंत चालू राहिला. त्यातील अधिसूचनेचा सारांश गावात सोयीच्या ठिकाणी प्रसिद्ध करावयाचा, आणि प्रसिद्धीपासून तीस दिवसांत हरकत घ्यावयाची, अशी पद्धत होती. १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखालीही जमीनमालकाने नोटिशीला उत्तर देऊन कारण दाखवावयाचे असते. २०१३ च्या नव्या कायद्याने हरकतीची मुदत साठ दिवसांची केली. पण भाषेची मुदत कोणी वाढविली नाही. ‘सार्वजनिक प्रयोजन’, ‘हितसंबंधित व्यक्ती’, ‘याद्वारे’, ‘असे मानण्यात येईल’ यांतून वाट काढता काढता दिवस सरतात. गंमत अशी की, ‘हरकत’, ‘जप्ती’, ‘तगाई’ हे जुने फारसी-अरबी वळणाचे शब्द शेतकऱ्याला चटकन कळतात; अडतो तो स्वातंत्र्योत्तर काळात मराठीकरणाच्या उत्साहात घडविलेल्या संस्कृत शब्दांपाशी. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात हक्काचे स्थान दिले, ही अभिमानाची बाब आहे. परंतु इंग्रजी वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून त्यावर संस्कृत शब्दांचे कातडे चढविले, तर जे तयार होते त्याला मराठी म्हणावे काय?

येथे मराठी विभागांची जबाबदारी सुरू होते. ‘हे वाङ्मय नव्हे, कायद्याच्या किंवा इतिहासाच्या विभागाने पाहावे’, हा आक्षेप अपेक्षित आहे. त्याला उत्तर आपल्याच अभ्यासक्रमात आहे. बखर आणि पेशवेकालीन पत्रे आपण कलाकृती म्हणून नव्हे, तर भाषेच्या सामर्थ्याचा व समाजाच्या व्यवहाराचा पुरावा म्हणून वाचतो. तोच निकष १८१८ नंतर एकाएकी का बदलावा? शिवाय वाक्यातील कर्ता कोठे गेला, श्रोता कोण कल्पिला आहे, अट कोठे दडली आहे, हे ओळखण्याचे शिक्षण आम्हीच देतो. कादंबरीतील निवेदकाचा माग काढणाऱ्या विद्यार्थ्याला नोटिशीतील निवेदकाचा माग काढणे अवघड नाही. त्याला ते कोणी सांगितलेले नाही, इतकेच.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. आधुनिक गद्याच्या अभ्यासपत्रिकेत जाहीरनामा, कायद्याचे भाषांतर आणि अर्ज या तीन आकृतिबंधांचा एक घटक असावा. मोडी ऐच्छिक व हौसेचा विषय न राहता संशोधनार्थ्याला आवश्यक ठरावी. कारण हस्तलिखित सरकारी मराठीचा मोठा साठा अद्याप मोडीतच आहे. आणि प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातील गावांमधून जुन्या नोटिशी, दवंडीचे मजकूर, अर्जांच्या नकला यांचा संग्रह सुरू करावा. घरोघरच्या ट्रंकांत सातबाराच्या उताऱ्यांसोबत हे कागद अजून आहेत. जमिनी गेल्या की तेही राखून ठेवण्याचे कोणास कारण उरणार नाही.

वर्गात ज्यांची घरे या नोटिशींनी हलविली, अशी मुले आपल्यासमोर बसतात. त्यांना ‘दर्पण’चा पहिला अंक कोणत्या तारखेला निघाला हे आपण शिकवितो. घरी आलेला कागद त्यांनी आजीला वाचून दाखवावा, आणि त्यात ‘येईल’, ‘जाईल’ म्हणणारा नेमका कोण आहे हे तिला सांगता यावे, एवढे मराठी त्यांना आमच्याकडून मिळाले, तर गद्याच्या इतिहासाचे ते प्रकरण लिहिण्यास खरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.