इंग्रजी शिकवायला मुलांची भाषा लागते

दर जूनमध्ये आमच्या तुळिंजमध्ये पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "बाई, मराठी माध्यमात घातलं तर पोरगं इंग्रजी बोलेल ना?" यंदा याचं उत्तर देताना मला सारखं जपानमधलं वाक्कानाई आठवत होतं. का, ते सांगते.

माझी एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी तिकडे इंग्रजी शिकवायला गेली. तशी ती आमच्या शाळेतली नव्हे. ती इंग्रजी माध्यमात होती आणि मराठी विषय कच्चा म्हणून दहावीपर्यंत माझ्याकडे घरी यायची. वाक्कानाई म्हणजे जपानचं अगदी उत्तर टोक. होक्काइदो बेटाच्या वरच्या कडेला, साप्पोरोहून जलद गाडीनेही पाच तासांच्या वर. जवळच्या सोया भूशिरापासून रशियाचं साखालिन बेट फक्त ४३ किलोमीटरवर, म्हणून गावातल्या पाट्यांवर रशियन अक्षरंसुद्धा आहेत. वस्ती तीस हजारांच्या आसपास. तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, एवढी माणसं तर सकाळी आपल्या नालासोपारा स्टेशनच्या पुलावरच असतात!

तिच्या नोकरीचं नाव 'असिस्टंट लँग्वेज टीचर'. जपान सरकारनं १९८७ साली 'जेट' नावाची योजना सुरू करून परदेशी तरुणांना शाळांमध्ये आणायला सुरुवात केली. आता जेटशिवायही अशा नेमणुका होतात, काही खासगी कंपन्यांमार्फत. हिची तशीच. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची, ही मदतनीस. आज या शाळेत, उद्या त्या शाळेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिकडच्या शाळांत परदेशी भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. म्हणजे माझ्या वर्गातल्या मराठी माध्यमाच्या मुलीला, ती कितीही हुशार असली तरी, हा दरवाजा सहज उघडला नसता. पालकांच्या मनातली भीती अगदीच खोटी नाही. मी ती खोटी आहे असं म्हणत नाही.

पण दरवाजा उघडल्यावर आत काय झालं, ते ऐका.

पहिले काही महिने ती अक्षरशः टेपरेकॉर्डर होती. शिक्षक खूण करणार, ही "आय लाइक सॉकर" म्हणणार, तीस मुलं एका सुरात म्हणणार, संपलं. मुलं गोड, शाळा टापटीप. दुपारचं जेवण मुलंच एकमेकांना वाढतात, वर्गही तीच झाडतात. (आपल्याकडे मुलांच्या हातात झाडू दिला तर दुसऱ्या दिवशी पालक दारात हजर.) पण एखाद्या मुलानं काही विचारलं की हिला कळायचं नाही. वहीत मुलं "आय सॉकर लाइक" लिहायची, ही लाल पेनानं दुरुस्त करायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "बाई, मला इंग्रजी येतं, पण शिकवता येत नाही," असं ती रडवेल्या आवाजात म्हणाली होती. बाहेर बर्फ, संध्याकाळी चारलाच अंधार, बोलायला कुणी नाही. मला वाटलं, ही पोरगी आता परत येते.

मग नाइलाजानं ती जपानी शिकायला लागली. आणि एका रात्री तिचा फोन आला. तिथे साडेदहा वाजले होते, आमच्याकडे सात. म्हणाली, "बाई, जपानी मराठीसारखी आहे!" मी हसले. तिनं मला वाक्य लिहून घ्यायला लावलं. 'वाताशी वा गाक्को नि इकिमासु.' वाताशी म्हणजे मी, गाक्को म्हणजे शाळा, 'नि' हा आपल्या 'शाळेत'मधल्या 'त'सारखा मागून चिकटणारा, आणि इकिमासु म्हणजे जाते. मी शाळेत जाते. क्रियापद शेवटी! आणि प्रश्न करायचा तर शेवटी फक्त 'का' लावायचा. 'इकिमासु का?' म्हणजे 'जाता का?' आता दोन्ही भाषांचं काही नातं नाही, हा 'का' योगायोगानंच सारखा. पण मला रात्रभर त्याचं कौतुक वाटत राहिलं.

मुद्दा 'का'चा नाही. 'आय सॉकर लाइक' ही चूक तिला त्या दिवशी पहिल्यांदा *समजली*. ते मूल मठ्ठ नव्हतं, ते आपल्या भाषेचा क्रम इंग्रजीवर चढवत होतं. आमच्या पाचवीतलं मूल "आय क्रिकेट लाइक" लिहितं, तेही त्याच कारणानं. जपानीत 'अ', 'द' नाहीत, मराठीतही नाहीत, म्हणून तीही दोन्हीकडे गळतात. बारा वर्षं इंग्रजीतून शिकताना हिला यातलं काही कुणी दाखवलं नव्हतं, कारण हिच्या शाळेत मराठी म्हणजे गाळलेल्या जागा भरण्याचा विषय.

पुढच्या तासाला तिनं जपानी शिक्षकांच्या मदतीनं तीन मुलांना तीन शब्दांची पाटी देऊन उभं केलं. आधी जपानी क्रमानं. मग "आता इंग्रजी" म्हटलं की क्रियापदाच्या मुलानं शेवटून पळत येऊन मधे उभं राहायचं. वर्ग खदखदून हसला. मी हा खेळ तुळिंजमध्ये करून पाहिला: 'मी', 'आंबा', 'खातो'. आमच्या वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या भोजपुरी, कुणाच्या गुजराती. गंमत म्हणजे या सगळ्या भाषांत क्रियापद शेवटीच, त्यामुळे पळायचं सगळ्यांनाच!

मी स्वतः कित्येक वर्षं "धिस इज अ कॅट म्हणजे ही मांजर आहे" असं शिकवलं. भाषांतर म्हणजे मुलाच्या भाषेचा उपयोग, असा माझा समज होता. तो चुकीचा होता. मूल कुठे अडखळणार हे आधीच ओळखण्यासाठी त्याची भाषा लागते.

याच्या पुढचं उदाहरण योगेंद्र पुराणिक यांचं. आपल्या महाराष्ट्रातला हा माणूस २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेत निवडून आला आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा शहरात सरकारी हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला. नुसत्या इंग्रजीवर हे झालं नसतं. इंग्रजीनं वर्गात मदतनीस म्हणून उभं राहता येतं, शाळा चालवायची तर तिथल्या मुलांची आणि पालकांची भाषा यावी लागते.

जपानची मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात असं मात्र कुणी समजू नये. मुळीच नाही. महाराष्ट्रानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, जपाननं तिसरीपासून आणलं ते २०२० मध्ये. इंग्रजीच्या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखं फार नाही. पण त्यांनी इंग्रजी येत नाही म्हणून गणित-विज्ञानाची भाषा बदलली नाही. आपण इंग्रजी *शिकवण्याऐवजी* माध्यम बदलतो आणि काम झालं म्हणतो. आमच्या भागात काही शाळांत मराठी किंवा हिंदीत बोललं की दंड घेतात. दहा रुपयांचा प्रश्न नाही. ज्या भाषेच्या आधारानं मूल इंग्रजीचं वाक्य जुळवणार, तीच तोंडातून काढायला त्याला लाज वाटायला लागते, आणि मग ते दोन्हीकडे गप्प बसतं. अशी गप्प मुलं माझ्याकडे शिकवणीला येतात.

म्हणून यंदा पालकांना मी उलट प्रश्न विचारला. माध्यम कुठलंही निवडा, पण प्रवेश घेण्याआधी इंग्रजीच्या बाईंना भेटा आणि विचारा, तुमच्या वर्गातली मुलं घरी कुठली भाषा बोलतात? सांगता आलं तर बसा, पुढचं बोला. एक बाबा म्हणाले, "बाई, हे कुणी विचारतं का?" मी म्हटलं, विचारून तर बघा.

वाक्कानाईच्या मुलीनं नोकरीचा करार आणखी एक वर्ष वाढवून घेतलाय. परवा फोन करून तिनं मराठी व्याकरणातलं विभक्तीचं पान फोटो काढून पाठवायला सांगितलं. दहावीत याच पानावर ती जांभया द्यायची.