अन्यायी सत्तेसाठी प्रार्थना कशी करावी

१६ जून १९८५ हा रविवार होता. दक्षिण आफ्रिकेतल्या चर्च परिषदेने त्या दिवसासाठी देशभरच्या मंडळ्यांना आवाहन केले होते : अन्यायी राजवटीचा अंत व्हावा म्हणून प्रार्थना करा. वर्णभेदी राज्यकर्त्यांना सुबुद्धी मिळावी, त्यांचे मन पालटावे, ही विनंती तिथल्या उपासनांमध्ये वर्षानुवर्षे होतच होती. या वेळी मागणे निराळे होते. मन पालटायचे नसेल, तर देवाने ही सत्ताच बाजूला करावी आणि न्यायी सत्ता आणावी, असे परिषदेने मोकळेपणाने म्हटले.

दिवसही विचार करूनच निवडलेला होता. नऊ वर्षांपूर्वी याच तारखेला सोवेटोची शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली होती आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन त्या दिवशी गेला. पळणारी मुले रेजिना मुंडी या कॅथलिक चर्चमध्ये शिरली, तेव्हा पोलीस पाठोपाठ आत आले आणि तिथेही गोळीबार झाला. त्या खुणा चर्चमध्ये आजही दाखवल्या जातात. १९८५ मध्ये तर परिस्थिती आणखी बिघडली होती. मार्चमध्ये उइटेनहेग इथे अंत्यविधीला निघालेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि किमान वीस माणसे मारली. तो शार्पव्हिलच्या हत्याकांडाचा पंचविसावा स्मृतिदिन होता.

आवाहनावर गदारोळ उठला. सरकारच्या बाजूच्या वृत्तपत्रांनी टीका केली, हे अपेक्षितच होते. जास्त बोचणारी गोष्ट अशी की, परिषदेच्या सभासद चर्चमधल्याही काही पुढाऱ्यांनी या शब्दांपासून अंतर राखले. त्यांचा आक्षेप हलका नव्हता. अधिकार देवाने नेमलेले आहेत, असे रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय सांगतो. राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असे पौल तीमथ्याला लिहितो. मग ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याची सत्ता जावी, असे देवाजवळ कसे मागायचे?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि प्रत्येक पाळकाने तो स्वतःला विचारायला हवा. पण त्याचे उत्तर त्याच वचनांत आहे, ती शेवटपर्यंत वाचली तर. पौल राजांसाठी प्रार्थना करायला सांगतो ती लोकांना शांतपणे, सुभक्तीने आणि गंभीरपणे आयुष्य जगता यावे म्हणून. जो अधिकारी ही शांतता स्वतःच मोडतो, त्याच्यासाठी करायच्या प्रार्थनेत त्याचा हात थांबावा ही विनंती आपोआप येते. राजासाठी केलेली बायबलमधली सर्वांत विस्तृत प्रार्थना बहात्तराव्या स्तोत्रात आहे. तिथे राजासाठी पहिले मागणे न्यायाचे आहे, आणि त्याची परीक्षा दीनदुबळ्यांची सुटका व जुलूम करणाऱ्याचा मोड यांवर ठरते. लूकच्या शुभवर्तमानात तर प्रभूने प्रार्थना न सोडण्याचा धडा दिला तोच एका अन्यायी न्यायाधीशाच्या गोष्टीतून. त्या दारात विधवेने न्याय मागितला, आणि मिळेपर्यंत मागितला.

आरंभीच्या मंडळीलाही ही समज होती. पॉलिकार्पने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात राजांसाठी प्रार्थना आणि छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना एकाच दमात सांगितली आहे. तर्तुल्यनाने सम्राटाच्या अधिकाऱ्यांना बजावले की, ख्रिस्ती लोक सम्राटासाठी प्रार्थना करतात, सम्राटाची प्रार्थना करत नाहीत. हा भेद धरून ठेवल्याबद्दल माणसांनी प्राण दिले.

दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. प्रार्थना सत्तेच्या बाजूलाही होती. १८३८ साली झुलूंशी झालेल्या लढाईआधी गोऱ्या बोअर वसाहतवाल्यांनी देवाला केलेला नवस १६ डिसेंबरला दरवर्षी सणासारखा पाळला जाई. १९८३ च्या राज्यघटनेच्या प्रस्तावनेत सर्वसमर्थ देवाचे नाव होते, आणि त्याच घटनेने देशातल्या बहुसंख्य काळ्या लोकांना संसदेबाहेर ठेवले होते. डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला दशकानुदशके बायबलचा आधार दिला. म्हणजे एकाच देवाचे नाव घेऊन दोन परस्परविरोधी प्रार्थना चालल्या होत्या. अशा वेळी ‘आम्ही राजकारणात पडत नाही, फक्त आशीर्वाद मागतो’ असे म्हणणारी मंडळी मधली जागा धरत नाही. ती बलवानाच्या प्रार्थनेला आमेन म्हणते. सप्टेंबर १९८५ मध्ये दीडशेहून अधिक जणांच्या सह्यांनी निघालेल्या ‘कैरोस’ दस्तऐवजाने चर्चला हेच सुनावले, आणि न्यायाशिवाय समेटाची भाषा करणाऱ्यांनाही सोडले नाही.

परिषदेचे सरचिटणीस तेव्हा बायर्स नॉडे होते. हा माणूस त्याच डच रिफॉर्म्ड चर्चचा पाळक. शार्पव्हिलनंतर त्यांचा विवेक अस्वस्थ झाला, त्यांनी १९६३ मध्ये ख्रिश्चन इन्स्टिट्यूट उभी केली आणि आपले व्यासपीठ गमावले. १९७७ पासून सात वर्षे सरकारी बंदीहुकुमाने त्यांचे बोलणे, भेटणे, लिहिणे रोखले होते. अन्यायी सत्तेच्या अंतासाठी प्रार्थना करा, असे सांगण्याचा अधिकार अशा माणसाला असतो, कारण त्याने त्या प्रार्थनेची किंमत आधीच मोजलेली असते.

प्रार्थनेनंतर काय झाले? लगेच काही चांगले झाले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अकरा दिवसांनी, २७ जूनला, क्रॅडॉकचे चार कार्यकर्ते सुरक्षा पोलिसांनी रस्त्यात अडवून ठार केले. त्यांतला फोर्ट कलाटा हा एका अँग्लिकन धर्मगुरूचा नातू होता. त्यांचे दफन २० जुलैला झाले आणि त्याच दिवशी देशाच्या अनेक भागांत आणीबाणी जाहीर झाली. फेब्रुवारी १९८८ मध्ये चर्चचे पुढारी हातात हात घालून केपटाउनच्या संसदेकडे निघाले, तेव्हा त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारून त्यांना अटक झाली. ऑगस्टमध्ये परिषदेची इमारत, खोत्सो हाउस, बॉम्बने उडवली गेली.

त्याच काळात या प्रार्थनेची खरी कसोटी एका अंत्यविधीत लागली. जुलै १९८५ मध्ये डुडुझा इथे संतापलेल्या जमावाने पोलिसांचा खबऱ्या समजून एका माणसाला धरले आणि त्याला जाळायची तयारी केली. बिशप डेस्मंड टूटू आणि त्यांच्या सोबतचे धर्मगुरू गर्दीत शिरले आणि त्यांनी त्याला ओढून बाहेर काढले. राजवट जावी म्हणून देवाजवळ हात पसरणारा माणूस त्या राजवटीचा हस्तक मानल्या गेलेल्याचा जीव वाचवतो. हे दोन्ही एकत्र नसेल, तर ती प्रार्थना राहत नाही, शाप होतो.

फ्रँक चिकाने यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. हे अपोस्टॉलिक फेथ मिशनचे पाळक. १९७७ मध्ये कोठडीत त्यांचा छळ झाला, तेव्हा छळ करणाऱ्यांवर देखरेख करणारा अधिकारी त्यांच्याच संप्रदायाचा डीकन होता. पुढे त्यांच्या चर्चने राजकारण करतात म्हणून त्यांना सेवेतून निलंबित केले. चर्च परिषदेचे सरचिटणीस असताना, १९८९ मध्ये, त्यांच्या कपड्यांना विष लावण्यात आले आणि अमेरिकेत ते मरता मरता वाचले. ज्या सरकारने हे घडवले त्याचे पोलीसमंत्री होते अॅड्रियान व्लोक. २००६ मध्ये व्लोक चिकाने यांच्या कार्यालयात गेले आणि त्यांनी त्यांचे पाय धुतले. पुढच्याच वर्षी प्रिटोरियाच्या न्यायालयात त्यांनी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा कबूल केला आणि त्यांना दहा वर्षांची स्थगित शिक्षा झाली. पाय धुतल्याने मेलेली माणसे परत आली नाहीत आणि अनेक पीडित कुटुंबांना सत्य कधीच कळले नाही. तरीही, शत्रूसाठी केलेल्या प्रार्थनेत त्याच्या पश्चात्तापाला जागा ठेवावी लागते. ती जागा चिकाने यांनी ठेवली होती.

हे सगळे मराठी मंडळ्यांच्या उपासना चालवणाऱ्यांसमोर मांडण्याचे कारण सरळ आहे. रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत राज्यकर्त्यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी होतो, पण पुष्कळदा तो पाठ झालेल्या एका वाक्यात उरकतो. पदांची नावे घेतली जातात, आशीर्वाद मागितला जातो, आणि लगेच आजाऱ्यांची यादी सुरू होते. ज्याची जमीन बळकावली गेली, ज्याचा मुलगा खटला न चालता तुरुंगात आहे, ज्याच्या प्रार्थनेच्या जागेवर दगड आले, तो शेवटच्या बाकावर बसलेला असतो. त्याला त्या वाक्यावर मनापासून आमेन म्हणता येते का, एवढा एक प्रश्न पाळकाने प्रार्थना लिहिताना स्वतःला विचारला, तरी तिचे शब्द बदलतील.

त्यात जबाबदारी मोठी आहे. व्यासपीठ कोणत्याही पक्षाला भाड्याने देता येत नाही, आज सत्तेत असलेल्याला नाही आणि उद्या येऊ पाहणाऱ्यालाही नाही. अन्यायाचे नाव घ्यायचे तर आधी त्याची खातरजमा करावी लागते, पीडितांच्या घरी जावे लागते, वकिलाशी बोलावे लागते. ऐकीव गोष्ट देवासमोर सत्य म्हणून मांडणे हे पाप आहे. राज्यकर्त्याच्या मरणाची इच्छा प्रार्थनेत येऊ देऊ नये. त्याच्या कृत्याचा अंत, त्याचा पश्चात्ताप आणि त्याने दुखावलेल्यांची सुटका, हे तिन्ही मात्र त्याच प्रार्थनेत यावे. आणि ज्या आठवड्यात मंडळी अशी प्रार्थना करते, त्या आठवड्यात तिच्यातल्या कोणीतरी तुरुंगातल्या माणसाची भेट घ्यावी किंवा त्याच्या घरी धान्य पोचवावे.

येत्या रविवारचा उपासनाक्रम छापायला जाण्यापूर्वी प्रत्येक पाळकाने राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना एकदा पुन्हा लिहावी. ती लिहिताना बहात्तरावे स्तोत्र आणि लूकचा अठरावा अध्याय समोर उघडा ठेवावा, आणि मंडळीतल्या ज्या माणसाला सध्या न्याय मिळत नाही त्याला आधी वाचून दाखवावी.