रावबहादूर मुधोळकरांचे विस्मरण

१९१२ साली बांकीपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद अमरावतीच्या एका वकिलाने भूषविले होते, ही गोष्ट मोर्शीतील किती विद्यार्थ्यांना सांगता येईल? रावबहादूर मुधोळकरांचे नाव आज अध्यक्षांच्या यादीपुरतेच उरले आहे. टिळकपक्षीय दादासाहेब खापर्डे वऱ्हाडच्या स्मरणात राहिले. मवाळ मुधोळकर मात्र विस्मृतीत गेले.

वास्तविक त्यांचे कार्य वऱ्हाडच्या आर्थिक प्रश्नाला थेट भिडणारे होते. १९०५ साली काशीस सुरू झालेल्या औद्योगिक परिषदेचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले. कापूस वऱ्हाडने पिकवावा आणि कापड मँचेस्टरचे घ्यावे, या व्यवहारावर त्या पिढीने देशी उद्योगाचा उतारा सुचविला. कापूस व संत्री पिकविणाऱ्या मोर्शी तालुक्याला तो विचार शिळा वाटू नये.

त्यांच्या घराण्याचा मागोवाही तितकाच उद्बोधक आहे. पुत्र जनार्दन मुधोळकर १९६० ते १९६६ या काळात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. राज्यघटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांना संसदेने हात लावावा काय, हा प्रश्न त्यांनी १९६४ च्या सज्जनसिंग खटल्यात, म्हणजे केशवानंद निर्णयाच्या सुमारे साडेआठ वर्षे आधी उपस्थित केला. पित्याची सनदशीर वृत्ती पुत्रात कशी उतरली, हा संशोधनाचाच विषय आहे.

असे चरित्र जयंतीच्या भाषणांतून सिद्ध होत नाही. त्यासाठी न्यायालयांची जुनी दप्तरे, वकिलांच्या घरांतील पत्रव्यवहार आणि वाचनालयांतील वृत्तपत्रांच्या फायली तपासाव्या लागतात. तालुक्यातालुक्यांतील महाविद्यालयांनी हे काम अंगावर घ्यावे. पुतळा उद्याही उभारता येईल. वाळवीने खाल्लेला कागद पुन्हा मिळणार नाही.