टाळी वाजली, पुढे काय?

आपल्या शाळेत शनिवारी रात्री सभागृहात दाखवलेल्या पिक्चरचा निकाल रविवारी सकाळी मेसमध्ये लागतो. ज्युनिअर कॅडेटना मारामारी हवी असते, अकरावीवाल्यांना गाणी हवी असतात आणि आम्हा बारावीवाल्यांना लाइट्स आउट अर्धा तास पुढे गेलं तरी पिक्चर आवडतो. मी काही समीक्षक नाही. कॅमेरा कुठे ठेवला आणि प्रकाश कुठून आला हे मला कळत नाही. शाळेत जे दाखवतात ते पाहतो, सुट्टीत पैसे जमले तर थिएटरात जातो, नाही तर घरच्या टीव्हीवर भागवतो. पण इतकी वर्षं पाहून एक मत पक्कं झालं आहे. सैनिकांवरच्या पिक्चरची किंमत टाळ्या-शिट्ट्यांवर ठरवू नये. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसल्यावर त्याने आपल्याला कोणते प्रश्न विचारायला लावले, यावर ती ठरवावी.

हे मत दुसऱ्या एखाद्या शाळेत मांडलं असतं तर लोक म्हणाले असते, "पिक्चर आहे, बघ आणि सोडून दे." आपल्याला तसं सोडून देता येत नाही. आपल्यापैकी कितीतरी जण इथे आले तेव्हा त्यांनी खरा सैनिक जवळून पाहिलेला नव्हता, पडद्यावरचा मात्र पाठ होता. एनडीएच्या परीक्षेचा अर्ज भरताना आणि पुढे एसएसबीसमोर बसताना डोळ्यासमोर जे चित्र असतं, त्यातलं बरंचसं पिक्चरमधून आलेलं असतं. ते चित्र किती खरं आहे, हे आपणच तपासायला हवं.

सुरुवात 'उरी'पासून करू. जानेवारी २०१९ मध्ये तो आला आणि जोशबद्दलचा तो प्रश्न पीटी ग्राउंडपासून न्हाणीघरापर्यंत घुमू लागला. मला तो पिक्चर आवडतो. शेवटची कारवाई श्वास रोखून बघावी अशी आहे आणि तिच्यामागची तयारी, गुप्तता, वेळेचं गणितही त्यात दिसतं. पण आमच्या बॅचमध्ये 'उरी' दहा-दहा वेळा पाहिलेले जे आहेत, त्यांना तयारीचा भाग विचारा. तो आठवत नाही, आठवतो तो संवाद. यात दोष पिक्चरचा कमी आणि आपल्या पाहण्याचा जास्त आहे.

आता एक जुनं उदाहरण घेतो, कारण ते अजूनही दर प्रजासत्ताक दिनाच्या आसपास टीव्हीवर भेटतं. 'बॉर्डर' १९९७ चा आहे. लोंगेवालाच्या चौकीवर सुमारे १२० जवानांनी ४ डिसेंबर १९७१ ची रात्र रणगाड्यांसमोर कशी काढली, याची ती कथा. पिक्चरमध्ये एकामागून एक ओळखीचे चेहरे पडतात. प्रत्यक्षात त्या लढाईत आपले दोन जवान कामी आले. सुनील शेट्टी यांनी ज्यांची भूमिका केली ते सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंह राठोड पडद्यावर वीरमरण पत्करतात. खरे भैरोसिंह डिसेंबर २०२२ पर्यंत हयात होते. म्हणजे ज्यांच्यासाठी देशभरातली थिएटरं रडली, ते राजस्थानात आपल्या घरी पंचवीस वर्षं जिवंत होते! मला यातून प्रश्न पडतो तो असा. इतकी कमी हानी होऊन चौकी टिकली, हे जास्त मोठं कौतुक नाही का? चांगली जागा, राखलेला धीर आणि उजाडताच आलेली हंटर विमानं, यांनी ती लढाई जिंकून दिली. पण पिक्चरवाल्यांना वाटतं की मरण दाखवल्याशिवाय शौर्य दिसत नाही. आपण मात्र ड्रिलच्या मैदानावर रोज याच्या उलट शिकतो. काम फत्ते करून माणसं परत आणतो तो चांगला अधिकारी.

दुसरी गोष्ट शत्रूची. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या 'फायटर'मधली विमानं पाहून माझ्याही अंगावर काटा आला. पण त्यातला लाल डोळ्याचा खलनायक पाहिला की जत्रेतला रावण आठवतो. असा शत्रू हरणारच, मग त्याला हरवण्यात मोठेपणा कसला? त्याच्या शेजारी २०१८ चा 'राझी' ठेवा. मेघना गुलजार यांच्या त्या पिक्चरमध्ये पाकिस्तानी लष्करी घरातली माणसं प्रेमळ आहेत, शिस्तीची आहेत, आपल्या देशावर जीव टाकणारी आहेत. आपली हेर मुलगी त्यांनाच फसवते आणि त्याची किंमत तिला स्वतःच्या मनात मोजावी लागते. तो पाहून आमच्या टेबलावर कुणी घोषणा दिली नाही. नाश्ता संपेपर्यंत वाद चालला होता, की तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं.

मेघना गुलजार यांचाच 'सॅम बहादूर' १ डिसेंबर २०२३ ला आला, नेमका 'अ‍ॅनिमल'च्याच दिवशी. गर्दी कुठे गेली ते सांगायला नको. पिक्चर म्हणून तो मला थोडा विस्कळीत वाटला. फोटोंचा अल्बम कुणीतरी भराभर उलटावा तसा. पण त्यातला एक प्रसंग मी प्रत्येक कॅडेटला पुन्हा पाहायला सांगेन. एप्रिल १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात सैन्य पाठवायचं का, हा प्रश्न येतो आणि माणेकशॉ पंतप्रधानांसमोर सांगतात की आत्ता नाही, मला वेळ हवा. पावसाळा तोंडावर, नद्या फुगणार, फौजा दूरवर विखुरलेल्या. हिवाळ्यात उत्तरेकडच्या खिंडी बर्फाने बंद झाल्या म्हणजे तिकडचीही काळजी कमी. पुढे युद्ध डिसेंबरमध्ये झालं आणि १३ दिवसांत संपलं. या प्रसंगात एकही गोळी सुटत नाही, सभागृहात शिट्टीही वाजली नाही. तरी वरिष्ठांना नको असलेलं उत्तर शांतपणे, कारणांसह द्यायला जी छाती लागते, ती माझ्या मते रणगाड्यावर चढणाऱ्याच्या छातीपेक्षा कमी नाही.

आता घराकडे येतो, कारण हे पान आपले पालकही वाचतात. 'अमरन' हा तमिळ पिक्चर ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी आला. मेजर मुकुंद वरदराजन यांची ही कथा, पण ती आपण पाहतो त्यांच्या पत्नी इंदू यांच्या नजरेतून. काश्मीरमधली चकमक जितकी त्यात आहे, तितकंच फोनची वाट पाहणंही आहे. आमच्या हाउसमधला मदुराईचा कॅडेट सबटायटलला न जुमानता आम्हाला कानात तमिळचे बारकावे सांगत होता आणि अर्ध्यानंतर तोही गप्प झाला. हा पिक्चर मी नंतर सुट्टीत आईबरोबर परत पाहिला. तिने मला एकच प्रश्न विचारला, "किती वर्षांचे होते रे ते?" एकतीस, मी सांगितलं. मग तिने 'शेरशाह'मधल्या कॅप्टन विक्रम बत्रांचं वय विचारलं. चोवीस. माझं वय तिला विचारायची गरज नव्हती. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "तू जा, पण आम्हाला सगळं कळू दे." माझ्या अर्जावर आमच्या घरात वडिलांशी बरंच बोलणं झालं होतं, आईशी पहिल्यांदा झालं ते त्या दिवशी. एखादा पिक्चर याहून अधिक काय करणार?

आणि जे जखमी होऊन परत येतात, त्यांचं काय? त्यासाठी जून २०२४ चा 'चंदू चॅम्पियन' पाहा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ईएमईमध्ये होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. तेव्हा ते पोहायला शिकले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पिक्चरमध्ये गाणी जरा जास्त आहेत, पण त्याचा मोठा भाग रुग्णालयात आणि तलावात जातो, हे मला फार आवडलं. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पदकानंतर ५२ वर्षांनी. आमच्या टेबलावरचा पंजाबचा मित्र विचारत होता, "हे नाव आपल्या कुठल्याच पुस्तकात कसं नाही?" उत्तर मजजवळ नव्हतं, पण प्रश्न योग्य होता.

आता पिक्चर कसा पाहतो याविषयी थोडं. 'शेरशाह' ऑगस्ट २०२१ मध्ये करोनामुळे थेट ओटीटीवर आला, त्यामुळे कारगिलची शिखरं आपल्यापैकी अनेकांनी सहा इंचांच्या पडद्यावर पाहिली. ते समजू शकतो. पण आता सुट्टीत पिक्चर पाहायचाच नाही, त्याचे तुकडे पाहायचे, अशी रीत पडते आहे. तीस सेकंदांत शत्रू मरतो, पार्श्वसंगीत वाजतं, बोट वर सरकतं. चढण चढताना लागलेली धाप त्या तुकड्यात येत नाही. थिएटरात गेलं तरी शेवटचा प्रसंग आला की समोर दहा-बारा मोबाइल उजळतात, कारण स्टेटसवर टाकायचं असतं. महाराष्ट्रात थिएटरात पिक्चरआधी राष्ट्रगीत होतं. तेव्हा सगळे ५२ सेकंद सावधान उभे असतात. पुढचे अडीच तास शेजाऱ्याला पिक्चर शांतपणे बघू देणं हीदेखील शिस्तच आहे.

लोक थिएटरातून काय घेऊन बाहेर पडतील, याचा नेम नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला. काही दिवसांनी मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणू लागले, मोगलांचं सोनं सापडेल म्हणून! गुजरातमध्ये भरूचला एकाने शेवटच्या छळाच्या प्रसंगात चिडून पडदाच फाडला. आमच्याकडे काय झालं, तर बिहारच्या आणि हिमाचलच्या मित्रांनी मला घेरलं. औरंगजेब एवढी फौज घेऊन दक्षिणेत उतरला आणि संभाजी महाराजांनी आठ-नऊ वर्षं त्याला दाद दिली नाही, ती कशी? किल्ले किती होते, रसद कुठून यायची, पैसा कुठून? पिक्चरमध्ये लढाया भरपूर आहेत, या प्रश्नांची उत्तरं नाहीत. ती शोधायला आम्ही ग्रंथालयात नकाशा उघडून बसलो. सह्याद्री, कोकणपट्टी आणि घाटवाटा मी त्यांना बोटाने दाखवल्या. पिक्चरने इतिहास शिकवला नाही, पण ग्रंथालयापर्यंत नेलं. माझ्या हिशेबात तो पास.

कुणी म्हणेल, आठवडाभर पीटी, ड्रिल, प्रेप करून शनिवारी डोक्याला ताप कशाला? खरं आहे. विनोदी पिक्चर लावा, मी सर्वांत मोठ्याने हसेन. माझं म्हणणं फक्त वर्दीवरच्या पिक्चरपुरतं आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं आणि काही दिवसांतच त्या नावाची पिक्चरसाठी नोंदणी करायला निर्मात्यांची रीघ लागली. सीमेवरच्या घरांच्या भिंतींना पडलेली भोकं अजून बुजली नव्हती. हे पिक्चर येतील, आपण ते पाहू आणि त्यातल्या काहींना टाळ्याही वाजवू. पण आपल्या वर्गात अशी मुलं आहेत, ज्यांचे वडील त्या दिवसांत सीमेवर होते. त्यांच्या शेजारी बसून आपण पाहणार आहोत, एवढं लक्षात असू द्यावं.

शेवटी एक सूचना. पिक्चर चालू असताना आपले उस्ताद मागच्या दाराशी उभे असतात. नायकाचे केस पाहून त्यांची पहिली तक्रार सुरू होते, मग रायफल धरण्यावर, मग बुटांवर. आम्ही हसतो आणि झोपायला जातो. त्यांच्यापैकी काहींनी बर्फात चौक्या राखल्या आहेत, खऱ्या चकमकी पाहिल्या आहेत. सैनिकांवरचा पिक्चर दाखवला की नंतर पंधरा मिनिटं दिवे लावून त्यांना पुढे बोलवावं आणि कॅडेटनी विचारावं, "उस्ताद, यातलं खरं काय?" 'अमरन'नंतर मी एकट्याने जाऊन विचारलं होतं. ते म्हणाले, "चकमक ठीक आहे. पण रांगेत उभं राहून घरी फोन लावायचा आणि तिकडून रडू ऐकू आलं तरी हसत बोलायचं, ते बरोबर दाखवलंय." हे मला कुठल्याही समीक्षकाने सांगितलं नसतं.

मनोरंजन समितीने या सत्रात एवढं करून पाहावं. पहिला पिक्चर म्हणून माझं मत 'चंदू चॅम्पियन'ला. पालकांना विनंती, येत्या सुट्टीत यांतला एखादा मुलांबरोबर बसून पाहा, मोबाइल बाजूला ठेवून, आणि संपल्यावर टीव्ही लगेच बंद करून थोडा वेळ तिथेच बसा. मुलं आपणहून बोलू लागतील.