हनुवटीवर पडलेले मूल



खेड्यातले पोर पडल्याशिवाय वाढत नाही. कोणी ओट्यावरून पडते, कोणी चिंचेवरून, कोणी ट्रॉलीतून उतरताना तोंडावर आपटते. हनुवटी फुटते, रक्त येते. आपण हळद दाबतो, फार तर दवाखान्यात नेऊन दोन टाके घालून आणतो. आठ दिवसांत जखम भरते आणि पोर पुन्हा उड्या मारू लागते. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तिथेच संपते. पण थोड्या मुलांच्या बाबतीत ती तिथून सुरू होते आणि घरच्यांना तिचा पत्ता वर्ष-दोन वर्षांनी लागतो. आज त्याच मुलांविषयी सांगायचे आहे.

मार हनुवटीला, इजा कानापाशी

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली काही हलते ना? तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याची दोन टोके दोन्ही कानांपुढे कवटीच्या खोबणीत बसलेली असतात. कुदळ दगडावर बसली की झिणझिण्या हाताला येतात, तसाच हनुवटीवरचा धक्का जबड्यातून सरळ या टोकांना पोचतो.

लहान मुलांचे, विशेषतः पाच वर्षांच्या आतल्यांचे, हे टोक मऊ आणि रक्ताने भरलेले असते. जोराचा मार बसला तर त्याचे तुकडे होतात आणि सांध्यात रक्त साचते. दुखते म्हणून मूल तोंड हलवीत नाही. मग न हलणाऱ्या सांध्यात साचलेल्या रक्ताच्या जागी हळूहळू हाड तयार होऊ लागते. शेवटी जबडा कवटीला चिकटून एकजीव होतो. डॉक्टर याला ‘अँकिलोसिस’ म्हणतात. आपण सांधा जखडला म्हणू. फुटणारा कान वर्षानुवर्षे तसाच ठेवला तर त्यातला पूही कधी कधी या सांध्यात उतरून हेच करतो.

चेहरा का बदलतो?

सांध्याचे हे टोक खालचा जबडा वाढण्याचीही जागा आहे. ती जखडली की वरचा जबडा वाढत राहतो आणि खालचा मागे राहतो. दोन्ही बाजू जखडल्या तर हनुवटी आत जाते, दात पुढे आल्यासारखे दिसतात. एकच बाजू जखडली तर हनुवटी त्या बाजूला वळते. इथे घरचे लोक हमखास फसतात. जखडलेल्या बाजूचा गाल गोल आणि भरलेला दिसतो, चांगल्या बाजूचा गाल ओढल्यासारखा सपाट दिसतो. म्हणून आई सपाट गालाला तेल चोळीत बसते आणि दुखणे असते दुसऱ्याच बाजूला!

असे मूल भाकरी कुसकरून दाताच्या फटीतून ढकलते. ब्रश आत जात नाही, दात किडतात, किडलेला दात काढायलाही जागा नसते. हनुवटी फार मागे गेली तर जीभही मागे सरकते. मग मूल रात्री मोठ्याने घोरते, मध्येच श्वास अडकून दचकते. हे लक्षण हसण्यावारी नेऊ नका.

कोणी याला दातखीळ म्हणून दृष्ट काढते. धनुर्वाताची दातखीळ एक-दोन दिवसांत बसते आणि तिच्यात जिवाला धोका असतो. तेव्हा तडक रुग्णालय गाठायचे. सुपारी-गुटखा खाणाऱ्या पोरांचे तोंड आवळते, तो रोग गालाच्या कातडीचा. सांधा जखडतो तेव्हा तोंड महिन्या-महिन्याने कमी उघडत जाते, आणि मागे कधी तरी पडल्याची आठवण निघते.

आधी सांधा, मग हाड, मग दात

पुष्कळ आईबाप मुलीचे दात पुढे आले म्हणून तार बसवायला जातात, तेही सोयरिकीचे बोलणे सुरू झाल्यावर. तार दात सरकवते. ती जखडलेला सांधा सोडवू शकत नाही. पाया खचला असेल तर भिंतीला गिलावा करून काय उपयोग?

म्हणून पहिले काम सांधा मोकळा करण्याचे. मूल लहान आहे, मोठे झाल्यावर पाहू, असे म्हणू नका. रोग कळला की शस्त्रक्रिया करून घ्यावी, कारण वाढीचे एकेक वर्ष वाया जात असते. कानापुढे चीर देऊन जमलेले हाड काढतात आणि मोकळ्या जागेत कानशिलाचा स्नायू घालतात, म्हणजे हाडे पुन्हा जुळत नाहीत. वाढत्या मुलाला पुष्कळदा बरगडीचा कूर्चेसह तुकडा बसवतात. तो जबड्याबरोबर वाढू शकतो. तोंड उघडत नसल्याने भुलीची नळी नाकातून दुर्बिणीने घालावी लागते, म्हणून हे काम मोठ्या रुग्णालयातच व्हावे. चेहऱ्याची शीर जवळून जाते. काहींची भुवई किंवा पापणी काही दिवस सुस्त राहते आणि बहुतेकांची पुढे सुधारते.

मागे राहिलेले हाड लांबवण्याची युक्तीही आहे. हाड कापून त्यावर स्क्रूचे यंत्र बसवतात आणि रोज साधारण १ मिलिमीटर फिरवतात. पडणाऱ्या फटीत नवे हाड भरत जाते. रशियातील डॉ. इलिझारोव्ह यांनी हातापायांच्या हाडांसाठी ही रीत बसवली. न्यूयॉर्कच्या डॉ. मॅकार्थी यांनी १९९२ साली मुलांच्या खालच्या जबड्यावरील असे काम प्रसिद्ध केले.

दातांची तार त्यानंतर. वाढ पुरी झाल्यावर, म्हणजे साधारण १६ ते १८ वर्षांनंतर, चेहऱ्यात उरलेला वाकडेपणा जबड्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेने सरळ करता येतो.

खरी परीक्षा घरी

आता सर्वांत महत्त्वाचे ऐका. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत तोंड उघडण्याचे व्यायाम सुरू होतात. लाकडी पट्ट्या दातांत एकावर एक सरकवून, दिवसातून अनेक वेळा, निदान सहा महिने ते वर्षभर. दुखते. पोर रडते, हात धरते. आईचे काळीज पाघळते, ‘आज राहू दे’ म्हणते. आज राहिले, उद्या सुगी आली, परवा पाहुणे आले, आणि मोकळा केलेला सांधा पुन्हा जखडला! दुसऱ्यांदा कापणे पहिल्यापेक्षा अवघड जाते. तेव्हा हे काम एकट्या आईवर टाकू नका. आजोबांनी सकाळचा व्यायाम घ्यावा, बापाने रात्रीचा. किती पट्ट्या गेल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

हनुवटीवर मूल पडले तर

१. टाके घालतानाच डॉक्टरांना कानापुढचा सांधा पाहायला सांगा. कानापुढे दुखणे, कानातून रक्त येणे, दात पूर्वीसारखे न जुळणे, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाणे, यातले काही असेल तर क्ष-किरण फोटो काढून घ्या.

२. सांधा मोडला म्हणून घाबरू नका. बहुतेक मुलांना पेज, मऊ भात, दूध आणि डॉक्टर सांगतील तेव्हा लवकर तोंड हलवणे एवढ्यावर गुण येतो. जबडा फडक्याने बांधून ठेवू नका, हाडवैद्याकडून चोळून घेऊ नका, चमचा घालून जबरदस्ती करू नका.

३. पुढे वर्षभर दर महिन्याला मुलाची स्वतःचीच तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तीन जात होती आणि आता दोनच जातात, असे झाले तर थांबू नका.

अंगणवाडीत आणि शाळेत मुलांच्या तपासणीला पथक येते, त्यांना दाखवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे जबड्याच्या शस्त्रक्रियेचा आणि दातांच्या तारेचा, असे दोन्ही विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला खर्च बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

आणि हा अंक मिटण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक मुलाला एकदा तोंड उघडायला सांगा. तीन बोटे घालून पाहायला पैसा लागत नाही.