मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलू नका

हरणाच्या शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा घेताना आधी मेगापिक्सेल पाहावेत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला साफ अमान्य आहे. स्वस्त कॅमेऱ्यांतले हे आकडे बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. पाहायचा तो ट्रिगरचा वेग, म्हणजे हालचाल जाणवताच कॅमेरा किती लवकर फोटो काढतो ते. ट्रिगर सेकंदभर रेंगाळला, की पायवाट ओलांडणाऱ्या हरणाची नुसती शेपटी फोटोत येते. इथे विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात. कॅमेऱ्यावर वाचवलेले पैसे लिथियम सेलांवर खर्च करावेत. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवावे, म्हणजे ऊन थेट भिंगावर येत नाही. दुसऱ्या राज्यात शिकारीला जाणाऱ्यांनी मात्र तिथले नियम आधी वाचावेत. अ‍ॅरिझोनात २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे लावायला बंदीच आहे.

– एक वाचक, मॅडिसन