आई हललीच नव्हती

हावडा मेलने जाताना बुऱ्हाणपूर, खांडवा ही भुसावळ विभागातली स्टेशनं आपण पाय ताणून झोपेतच मागे टाकतो. १९८६ साली पाच वर्षांचा सरू असाच बुऱ्हाणपूरला उभ्या गाडीत झोपला, आणि जाऊन पडला थेट कोलकात्यात. पुढे टास्मानियातल्या ब्रायर्ली दांपत्याने त्याला दत्तक घेतलं. वस्तीचं नाव तो ‘जिनेस्टले’ सांगायचा. असलं गाव कुठल्या नकाशात सापडणार? मोठेपणी गूगल अर्थवर रात्रीमागून रात्री रूळ धुंडाळताना स्टेशनलगतची पाण्याची टाकी त्याने ओळखली. जिनेस्टले म्हणजे खांडव्याची गणेश तलाई! २०१२मध्ये तो पोचला, तर घराला कुलूप. सगळे त्याच्या चिकाटीचं कौतुक करतात. मला आईचं जास्त वाटतं. पोर परत येईल म्हणून तिने वस्ती सोडलीच नव्हती. ती जवळच राहत होती.